एका ठोक्याला एक मिलिलिटर

शेवरलेच्या जुन्या मोठ्या व्ही-एट इंजिनाच्या पुढच्या भागात, उजव्या अंगाला खाली, मुठीएवढा एक पंप असतो. दोन बोल्टवर बसवलेला, एक नळी आत येणारी, एक बाहेर जाणारी. टाकीतलं पेट्रोल ओढायचं आणि कार्ब्युरेटरला द्यायचं, एवढंच त्याचं काम. त्याला वायर नाही, फ्यूज नाही, संगणक नाही. गेला संपूर्ण हिवाळा मी असा एक पंप निवडण्यात घालवला. ज्यांना हे ऐकून हसू येईल त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझी बायकोही हसलीच. 'लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली होतीस का?' असंही तिने विचारलं. पण हिवाळा संपेपर्यंत तिलाही त्या पंपाचे दोन पडदे आणि त्यांच्यामधली ती पिवळट पारदर्शक नळी पाठ झाली होती. कारण त्या बोटीवर आमची मुलगीही जाते.

बोट माझी नाही, शेजाऱ्यांची आहे. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या उत्तरेला राहतो. लेक सेंट क्लेअर आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. शेजारी एकोणऐंशी वर्षांचे, आयुष्यभर टूल अँड डाय मेकर म्हणून काम करून निवृत्त झालेले. हजारांश इंचाच्या खाली बोलायला लागले की त्यांचा चेहरा खुलतो. त्यांची चोवीस फुटी बोट ऐंशीच्या दशकातली, आणि तिच्या पोटात 454 घनइंचाचं, म्हणजे साधारण 7.4 लिटरचं शेवरलेचं इंजिन. हे इंजिन ट्रकमधून आणि मोटारींमधून धावलं, आणि थोडे फेरफार करून हजारो बोटींमध्येही बसलं. शेजाऱ्यांनी ते मागे एकदा पूर्ण उतरवून पुन्हा बांधलं, कॅमशाफ्ट बदलला, आणि आता ते सव्वाचारशे अश्वशक्ती देतं. या वयात एवढी अश्वशक्ती कशाला, हा प्रश्न त्यांना विचारायचा नसतो.

मोटारीचं इंजिन पाण्यात नेण्याचा नाद या भागाला जुना आहे. लेक सेंट क्लेअरच्या वरच्या टोकाला अल्गोनॅक नावाचं छोटं गाव आहे. क्रिस-क्राफ्टचा क्रिस स्मिथ तिथलाच, आणि गार वूडच्या शर्यतीच्या बोटीही तिथेच बांधल्या गेल्या. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची लिबर्टी इंजिनं स्वस्तात मिळायला लागली, ती गार वूडने बोटींत घातली. पुढे 1932 साली 'मिस अमेरिका टेन' या बोटीत चार पॅकार्ड इंजिनं घालून त्याने सेंट क्लेअर नदीवर ताशी सुमारे 125 मैलांचा वेग गाठला. एका लाकडी बोटीत चार बारा-सिलिंडरी इंजिनं! डेट्रॉईटने जगाला मोटारी दिल्या हे सगळ्यांना माहीत असतं. शनिवार-रविवारी याच लोकांनी त्या मोटारींची इंजिनं काढून पाण्यात नेली, हे इथे आल्यावर कळतं.

पण मोटारीचं इंजिन आणि बोटीचं इंजिन यांच्यात एक फरक आहे, तो पंपाच्या गोष्टीत शेवटपर्यंत पुरतो. मोटारीला सव्वाचारशे अश्वशक्ती क्वचित लागते. हायवेवर शिरताना दहा सेकंद, फार तर पंधरा. एरवी तेच इंजिन वीस-तीस अश्वशक्तीवर निवांत चालतं. बोटीला उतार नसतो. पाणी तिला सतत मागे धरून ठेवतं, त्यामुळे बोट म्हणजे कायम घाट चढणारी गाडी. पाऊण थ्रॉटलवर तासभर, पूर्ण थ्रॉटलवर पाच-दहा मिनिटं, हा तिचा नेहमीचा दिवस. मोटारीत जो पंप दहा सेकंद कसाबसा निभावून नेतो तो बोटीत निभावणार नाही. आणि नाही निभावला तर इंजिन लगेच बंद पडून सांगतही नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीतली पातळी हळूहळू खाली जाते, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडायला लागतं, आतलं तापमान वाढतं, धडाधड अवेळी स्फोट होतात आणि पिस्टनची डोकी वितळतात. वर बसलेल्या माणसाला तोवर वारा छान लागत असतो.

*

मागच्या सप्टेंबरमध्ये शेजाऱ्यांनी इंजिनावरचं झाकण उचललं आणि मला हाक मारली. पंपाच्या बाजूने एक बारीक पारदर्शक नळी निघून कार्ब्युरेटरकडे जाते. एरवी ती कोरडी असते. त्या दिवशी तिच्यात दोन बोटं उंचीचं पेट्रोल उभं होतं.

'याने आपलं काम केलं,' ते म्हणाले. 'आता नवा शोधायचा.'

ही नळी काय सांगते ते कळायला पंप आतून पाहावा लागतो. कॅमशाफ्टवर एक फुगीर, मध्यापासून सरकलेला भाग असतो. तो फिरताना सुमारे पावणेसहा इंचांची एक पोलादी दांडी पुढेमागे ढकलतो. दांडी पंपाचा लिव्हर दाबते, लिव्हर आतला रबरी पडदा ओढतो, पडद्यामागची स्प्रिंग दबते आणि टाकीकडून पेट्रोल आत येतं. मग कॅम पुढे सरकतो, लिव्हर मोकळा होतो, आणि दबलेली स्प्रिंग पडद्याला परत ढकलून पेट्रोल कार्ब्युरेटरकडे पाठवते. दोन छोट्या झडपा पेट्रोलला उलटं जाऊ देत नाहीत.

यात मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की पेट्रोल ढकलायचं काम इंजिन करतच नाही. इंजिन फक्त ओढतं. ढकलते ती स्प्रिंग. त्यामुळे दाब किती असेल ते इंजिनाच्या वेगावर नाही तर स्प्रिंगच्या ताकदीवर ठरतं. कार्ब्युरेटरची वाटी भरली, फ्लोट वर आला, सुईने तोंड बंद केलं, की पुढे वाट नाही. मग स्प्रिंग दबलेलीच राहते, पडदा मागेच थांबतो आणि लिव्हर नुसता हलत राहतो. वाटीत जागा झाली की तेवढंच पेट्रोल पुढे जातं. मागणीएवढाच पुरवठा, आणि तोही कुठल्याही सेन्सरशिवाय.

आता तो पडदा फाटला तर? मोटारीच्या साध्या पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं. पडदा फाटला की पेट्रोल त्यातून बाहेर ठिबकतं, रस्त्यावर पडतं, उडून जातं. ड्रायव्हरला वास येतो, गाडी गचके खाते, गॅरेजमध्ये जाते. बोटीला खाली रस्ता नसतो. खाली असते बिल्ज, म्हणजे तळातली ती खोलगट जागा, जिथे तेल, पाणी, हरवलेले नट-बोल्ट सगळं येऊन साचतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती तिथे उतरते आणि बसून राहते.

म्हणून बोटीच्या पंपात पडदे दोन असतात. पहिला फाटला तरी दुसरा पेट्रोल अडवतो, आणि दोहोंच्या मधल्या पोकळीतून ती पारदर्शक नळी निघून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी जाते. गळलेलं पेट्रोल बिल्जमध्ये न जाता इंजिनातच जळतं, आणि नळीत दिसतं. अमेरिकेत 1971 साली फेडरल बोट सेफ्टी ॲक्ट आला, त्याच्या आधाराने कोस्ट गार्डने पुढे जे इंधनविषयक नियम केले त्यांत हे एका वाक्यात आहे: पडद्याच्या पंपाचा मुख्य पडदा निकामी झाला तरी पंपातून पेट्रोल गळता कामा नये. एवढी मोजकी कायद्याची भाषा मी फार कमी वेळा वाचली आहे.

मी एक कच्चा हिशेब करून पाहिला. सव्वाचारशे अश्वशक्ती देताना अशा इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल लागतं. म्हणजे तासाला 212 पौंड. गॅलनला सहा पौंड धरले तर 35 गॅलन, आपल्या मापात सुमारे 134 लिटर. त्या वेळी इंजिन मिनिटाला 4800 फेरे घेत असतं, कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणून पंपाचे ठोके 2400, सेकंदाला चाळीस. भागाकार केला की एका ठोक्याला जेमतेम एक मिलिलिटर येतं. औषधाच्या ड्रॉपरमध्ये मावेल एवढं.

मग दुसरा हिशेब. इंजिनाभोवतीची मोकळी जागा दोन घनमीटर धरू. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण सुमारे 1.4 टक्के झालं की ते मिश्रण ठिणगीने पेटू शकतं. दोन घनमीटरचे 1.4 टक्के म्हणजे 28 लिटर वाफ. तिच्यासाठी अर्धा कप, फार तर पाऊण कप पेट्रोल पुरतं. आता समजा फाटक्या पडद्यातून दर ठोक्याचा फक्त शंभरावा भाग बाहेर गेला, तर पूर्ण वेगात अर्धा कप भरायला पाच-साडेपाच मिनिटं लागतील. हा हिशेब कागदावर मांडल्यावर मी तो बायकोला दाखवला. त्यानंतर तिने लग्नाचा विषय काढला नाही.

*

माझं बालपण रत्नागिरीला गेलं, मिरकरवाड्याच्या बंदरापासून फार लांब नाही. मामाच्या एका मित्राचा ट्रॉलर होता, त्यावर आम्ही पोरं उगाच चढउतार करायचो. तिथे डिझेलचा वास म्हणजे हवाच. जाळ्यांना डिझेल, दोरांना डिझेल, तांडेलाच्या लुंगीला डिझेल. इंजिनाने एअर घेतली की फिटर पंपाचा हातलिव्हर दाबून दाबून हवा काढायचा, डिझेल बोटांवरून ओघळायचं, तो फडक्याला हात पुसून त्याच हाताने बिडी पेटवायचा. डिझेल सहजासहजी पेटत नाही, म्हणून ते चालायचं. बोटीवर इंधनाचा वास आला तर काही बिघडलं आहे, हे मला तिथे कोणी शिकवलं नाही, कारण तिथे तसं नव्हतंच.

इथे पेट्रोलच्या बोटीवर वास हाच पहिला इशारा. शेजारी इंजिन सुरू करायच्या आधी झाकण उचलून अक्षरशः नाक आत घालतात. पंखा चार मिनिटं चालवतात. हे चार मिनिटांचं फर्मान डॅशबोर्डवरच्या पट्टीवर छापलेलं असतं, इनबोर्ड पेट्रोल इंजिनाच्या बोटींना ते सक्तीचं आहे. पेट्रोल भरताना सगळ्यांना खाली उतरवतात, सगळी झाकणं बंद करतात, भरून झालं की उघडतात, पंखा लावतात आणि घड्याळ बघतात. रांगेत मागे थांबलेल्या बोटी हॉर्न वाजवतात. हे घड्याळातून नजर काढत नाहीत.

*

प्रश्न आला तो त्यांच्या नातवाकडून. बावीस वर्षांचा, हुशार, हाताने काम करणारा मुलगा. या उन्हाळ्यापासून बोट त्याच्या नावावर होणार, हे आजोबांनी आधीच जाहीर केलेलं. पंपाचं कळल्यावर त्याने फोनवरून दोन उपाय सांगितले. पहिला: मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात याच इंजिनाचा पंप मिळतो, तेच दोन बोल्ट, तीच दांडी, तोच लिव्हर, आणि किंमत बोटीच्या पंपाच्या एक तृतीयांश. दुसरा: हे जुनं झेंगटच काढून टाकू आणि इलेक्ट्रिक पंप लावू.

दोन्ही सूचना मूर्खपणाच्या नव्हत्या. मी मोटारींच्या धंद्यातला इंजिनिअर. 'जुनं आहे म्हणून चांगलं' हा युक्तिवाद मला पटत नाही. म्हणून मी इलेक्ट्रिकपासून सुरुवात केली.

इलेक्ट्रिक पंपाचा मोठा फायदा हा, की तो टाकीजवळ बसवता येतो. द्रव ओढण्यापेक्षा ढकलणं केव्हाही सोपं. ओढताना नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं, आणि तापलेल्या इंजिनाशेजारी नळीत पेट्रोलऐवजी वाफ भरते. मग इंजिन हवा चावत बसतं. टाकीपाशी पंप असला की ही भानगड नाही. मोटारींनी हेच केलं, पंप थेट टाकीत घातला.

पण बोटीत ते करता येत नाही. कोस्ट गार्डचा नियम सांगतो की पंप इंजिनावर हवा किंवा इंजिनापासून बारा इंचांच्या आत. कारण उघड आहे: टाकीपासून इंजिनापर्यंतची लांब नळी दाबाखाली असली आणि मध्ये कुठे चिरली, तर पंप बिल्जमध्ये पेट्रोल ओतत राहील. ओढणारी नळी चिरली तर बहुधा हवा आत शिरते आणि इंजिन बंद पडतं. म्हणजे ज्या कारणासाठी इलेक्ट्रिक घ्यायचा तो फायदाच बारा इंचांत संपला. शिवाय इंजिन चालू असताना किंवा सुरू करतानाच तो चालला पाहिजे, हाही नियम. त्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारा स्विच, रिले, वायरिंग. यांत्रिक पंपाला हा नियम वेगळा पाळावाच लागत नाही. कॅमशाफ्ट थांबला की पंप थांबला.

इंधन-इंजेक्शनचं इंजिन असतं तर गोष्ट वेगळी. त्याला लागणारा दाब स्प्रिंगवाल्या पंपाच्या आवाक्यातला नाही. कार्ब्युरेटरला सहा-सात पीएसआय पुरतात. त्याहून जास्त झाले तर सुई दाबाला टिकत नाही आणि वाटी ओसंडते. आमच्या इंजिनाला जे हवं होतं ते नेमकं हा जुना पंप देत होता.

नातवाने हे ऐकून घेतलं. मग तो पहिल्या उपायावर परत आला. 'ठीक आहे, यांत्रिक. पण मग मोटारीचा का नको? मी दर आठवड्याला तपासत जाईन.'

याचं उत्तर माझ्याकडे नियमातून होतं, हिशेबातून होतं. मी ते द्यायला लागणार तेवढ्यात शेजारी म्हणाले, 'थांब.' आम्ही त्यांच्या गॅरेजमध्ये होतो, फोन व्हाइसवर ठेवलेला. बाहेर बोट पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभी, वर वीतभर बर्फ.

त्यांनी त्यांच्या थोरल्या भावाबद्दल सांगितलं. दोघे एकाच कारखान्यात टूलरूममध्ये होते. साठच्या दशकात भावाने एक बोट घेतली आणि तिचा पंप गेला तेव्हा गाडीचा लावला. तेव्हा पुष्कळ जण लावत. एका रविवारी धक्क्यावर पेट्रोल भरून त्याने किल्ली फिरवली. तो मेला नाही. झाकणाबरोबर उडून पाण्यात पडला, म्हणून वाचला. पण त्याचे दोन्ही हात भाजले. बोटं राहिली, बोटांच्या टोकांची जाण गेली. टूलमेकर मायक्रोमीटर डोळ्यांनी वाचतो, पण तो किती घट्ट लावायचा ते बोटांना कळतं. कारखान्याने त्याला दुसरं काम दिलं, गोदामातलं. तिथे तो निवृत्त होईपर्यंत राहिला.

'तो माझ्यापेक्षा चांगला टूलमेकर होता,' शेजारी म्हणाले. 'दर आठवड्याला तपासणारा होता तो. तुझ्यापेक्षा काटेकोर.'

फोनवर बराच वेळ काही आवाज नव्हता. मग नातू म्हणाला, 'बोटीचाच घेऊ.' त्याला ही गोष्ट आधी माहीत नव्हती. मलाही नव्हती, आणि मी अकरा वर्षं शेजारी राहतो.

*

बोटीचाच घ्यायचा हे ठरल्यावरही निवड उरतेच. मूळ पंपासारखा साधा, की जास्त पुरवठ्याचा? आमच्या इंजिनाला तासाला 35 गॅलन लागतात. त्यावर पाव भागाहून थोडी जास्त शिल्लक ठेवली तर 45. आता पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा असतो 110 गॅलन. मग प्रश्न कुठे आहे?

प्रश्न असा, की तो आकडा बहुतेक वेळा मोकळ्या वाहत्या नळीचा असतो. पुढे अडथळा नाही, दाब नाही. खऱ्या इंजिनावर पंपाला पाच-सहा पीएसआयच्या विरुद्ध ढकलायचं असतं आणि पुरवठा पुष्कळ घटतो. वाहतं तेव्हा दाब नाही, पूर्ण दाब असतो तेव्हा वाहत नाही. खरं काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतं. म्हणून विचारायचं ते हे: पाच पीएसआयला किती? जो विक्रेता याचं उत्तर देऊ शकला त्याच्याकडून आम्ही घेतला. मूळ इंजिनाचा साधा पंप वाढलेल्या अश्वशक्तीला काठावर पुरला असता. काठावर पुरणं म्हणजे काय ते वर सांगितलं आहे. आम्ही जास्त पुरवठ्याचा, दोन पडद्यांचा, नळीसाठी तोटी असलेला बोटीचा पंप घेतला. पडदे इथेनॉल सहन करणारे आहेत याची खात्री केली. इथे पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पंधरा टक्क्यांचं पेट्रोल तर बोटीत घालायला बंदीच आहे.

दांडीसुद्धा तपासली. तिचं टोक झिजलं तर तेवढा लिव्हरचा पल्ला कमी होतो आणि नवा पंपही अशक्त वाटतो. शेजाऱ्यांनी ती मायक्रोमीटरने मोजली, तीन वेळा. शिवाय कॅमशाफ्ट कशाचा आहे तेही बघावं लागतं: ओतीव लोखंडाच्या कॅमला पोलादी दांडी चालते, पण रोलरवाल्या पोलादी कॅमवर तीच दांडी कॅम खाते, तिथे काशाच्या टोकाची लागते. आमचा ओतीव. बसवताना दांडी घसरून खाली येते आणि लिव्हर तिच्याखाली जात नाही. जाडसर ग्रीस लावून ती वर चिकटवून ठेवायची, आणि ग्रीसने दम सोडायच्या आत दोन्ही बोल्ट लावायचे.

मे महिन्यात बोट पाण्यात उतरली. शेजाऱ्यांनी दोन गेज जोडले: एक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी दाब बघायला, दुसरा पंपाच्या आधी, ओढ बघायला. दुसरा गेज फार कमी लोक लावतात. पंप दुबळा वाटला की माणसं मोठा पंप आणतात. पण टाकीकडची वाटच अडली असेल तर मोठा पंप जास्त जोराने ओढतो, नळीत दाब आणखी पडतो आणि वाफ आणखी लवकर होते. आमचा गेज पूर्ण थ्रॉटलला चार इंच पारा दाखवत होता. दोनच्या आत हवा असतो. आम्ही तिथेच वेग कमी करून परत आलो.

टाकीच्या तोंडाशी एक झडप असते, नळी तुटली तर टाकी आपोआप उपसली जाऊ नये म्हणून. ती स्वच्छ निघाली. मग नळी कापली. बाहेरून ती ठणठणीत होती. आतलं अस्तर सुटून भाताच्या तुसासारखं सोलून आलं होतं. ओढ वाढली की ते आत कोसळायचं आणि वाट बंद करायचं. संपूर्ण नळी बदलली, आग अडीच मिनिटं सोसणारी, ए-वन म्हणतात ती. जुनीपेक्षा एक माप मोठी. पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. ओढ दीड इंच. दाब संथ चालीला साडेसहा, पूर्ण वेगात पाचच्या थोडा वर, आणि तिथेच स्थिर.

लेक सेंट क्लेअर उथळ आहे, सरासरी खोली अकरा फूट. त्यामुळे थोड्या वाऱ्यानेही लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि बोट त्यांच्यावर ठेच खात धावते. नातू चालवत होता. शेजारी इंजिनाच्या झाकणाशेजारी गेजकडे तोंड करून बसलेले, पाण्याकडे पाठ. माझ्या मुलीने त्यांना ओरडून विचारलं की तुम्ही बाहेर कधी बघणार. ते म्हणाले, 'बाहेर काय आहे ते मला माहीत आहे.'

आता बोट नातवाकडे आहे. तो अधूनमधून मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना घेऊन जातो. पेट्रोल भरून झालं की तो चार मिनिटं थांबतो, आणि झाकण उघडून ती नळी कोरडी आहे का ते बघायचं काम त्याने माझ्या मुलीला दिलं आहे. ती मला फोटो पाठवते, मी न मागता. फोटोत दुसरं काहीच नसतं. एक पिवळट नळी, रिकामी.